तुम्ही विचारलंत म्हणून: तयार कोर्स असताना वेगळं प्रशिक्षण कशाला?

खरेदी विभागासाठी चांगले तयार कोर्स मिळत असताना प्रत्येक कंपनीसाठी वेगळं प्रशिक्षण कशाला आखता, असं मला एचआरवाले विचारतात, खरेदीप्रमुखही विचारतात. कारण एकच आहे. नेमकं काय शिकवायचं ते मला त्या कंपनीच्या फायलींतच सापडतं.

बहुतेकांची मागणी ठरलेली असते: ‘आमच्या लोकांना निगोशिएशन शिकवा.’ मी आधी काही जुन्या खरेद्यांची कागदपत्रं मागते, मागणीपत्रापासून बिलापर्यंत. मागणीपत्र कधी आलं, माल कधी हवा होता, कोटेशनं किती आली, हे बघते. पुष्कळदा असं दिसतं की वापरणाऱ्या विभागानं स्पेसिफिकेशनमध्ये एकाच ब्रँडचा पार्ट नंबर टाकलाय आणि माल पुढच्याच आठवड्यात हवाय. अशा वेळी खरेदी अधिकाऱ्याला कितीही डावपेच शिकवा, त्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही, आणि पुरवठादाराला ते पक्कं ठाऊक असतं. तिथं स्पेसिफिकेशन कसं लिहावं हे शिकवायला हवं, आणि वर्गात इंजिनियरही बसायला हवेत. ही अट मी सोडत नाही.

पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडलेला चार घरांचा तक्ता बहुतेक कोर्समध्ये असतो: एका अक्षावर पुरवठ्यातली जोखीम, दुसऱ्यावर त्या खरेदीचा नफ्यावरचा परिणाम. मीही तो शिकवते. पण पुस्तकी उदाहरणांवर सगळे माना डोलावतात आणि विसरून जातात. म्हणून मी त्यांच्याच वर्षभराच्या खर्चाची यादी हातात देते आणि म्हणते, आता घरं भरा. एखादं साधं रबरी सील घ्या. किंमत नगण्य, म्हणून खरेदीवाले ते किरकोळ मालात टाकतात. उत्पादनातला माणूस ताडकन सांगतो, ‘हे आलं नाही तर लाइन उभी राहते, आणि देणारा एकच आहे!’ मग वाद पेटतो: साठा वाढवायचा, दुसरा पुरवठादार तयार करायचा, की डिझाइनच बदलायचं? हा वाद मी मुद्दाम लांबू देते. कोर्समधला माझा सगळ्यात आवडता तास तोच.

उलट, काही विषय सरळ गाळावे लागतात. इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे मालाची जोखीम आणि खर्च विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठं जातो हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय व्यापाराचे ११ नियम, आयात करणाऱ्यांना हवेतच. कंटेनर जहाजावर चढण्याआधी टर्मिनलवरच वाहतूकदाराच्या ताब्यात जातो, म्हणून तिथं एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराची) योग्य. तरी सवयीनं पीओवर, म्हणजे खरेदी आदेशावर, एफओबी (माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची) छापलं जातं. पण फक्त सॉफ्टवेअर आणि सेवा विकत घेणाऱ्यांचा वेळ त्यात कशाला घालवायचा? त्यांच्यासाठी कराराच्या नूतनीकरणाची तारीख आणि सेवेच्या दर्जाच्या अटी जास्त महत्त्वाच्या.

शेवटच्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्मवर मी समाधान मानत नाही. प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्यांमध्ये ती, म्हणजे शिकणाऱ्यांची प्रतिक्रिया, पहिलीच. वागण्यातला बदल तिसऱ्या पातळीवर मोजतात. तो बघायला काही महिन्यांनी मी पुन्हा तशीच कागदपत्रं मागते: मागणीपत्रं लवकर येऊ लागली का, कोटेशनं वाढली का?

गोपनीयतेची शंका इथंच निघते, आणि ती रास्त आहे. दर झाका, पुरवठादारांची नावंही झाका. तारखा मात्र झाकू नका.