दहापैकी दोनच गोळ्या उरल्या होत्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा वृद्धाश्रमात मी सहा वर्षांपासून नर्स आहे. सव्वीस आजी-आजोबा, दिवसा मी आणि एक मदतनीस ताई, रात्री फक्त चौकीदार. मे महिन्यात तपासणीचं पत्र आलं. आठवडाभर आम्ही नुसती आवराआवर केली. संडास घासले, आग विझवायच्या सिलिंडरची तारीख पाहिली, रजिस्टरं पूर्ण केली. पूर्ण केली म्हणजे राहिलेल्या सह्या एका बैठकीत मारल्या. हे लिहिताना आज हात जड होतो.

समाजकल्याणचे साहेब स्वयंपाकघर आणि खोल्या पाहत होते. त्यांच्यासोबत आलेले डॉक्टर मात्र थेट औषधांच्या कपाटापाशी बसले. रजिस्टर बाजूला सारून ते गोळ्या मोजायला लागले. एका आजीच्या पिशवीतून मेथोट्रेक्सेटचं पाकीट निघालं. संधिवातासाठी मुलानं बाहेर दाखवून आणलं होतं, त्याला आठ दिवस झाले होते. दहापैकी दोनच गोळ्या उरल्या होत्या.

"सिस्टर, ही कधी देता?"

"रोज सकाळी, नाश्त्यानंतर."

ते एकदम उभे राहिले. "आजी कुठे आहेत?"

चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असंच लिहिलेलं होतं. रजिस्टरात उतरवताना मी सवयीनं १-०-० लिहिलं होतं, आणि त्यानंतर चिठ्ठी कोणी उघडलीच नाही. आजी चार दिवसांपासून भाकर खात नव्हती. "तोंड आलं व माय, तिखट नको देऊ मले," म्हणायची. आम्ही उन्हाळा म्हणून ताक देत होतो. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड पाहिलं, तर गालाच्या आतून, जिभेखाली पांढरे चट्टे. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच द्यायची असते. रोज गेली तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं, आणि म्हाताऱ्या माणसाची किडनी ते औषध लवकर बाहेर टाकत नाही. १०८ बोलावून आजीला यवतमाळला हलवलं. तिथे ल्युकोव्होरिनची, म्हणजे या औषधावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं दिली. मुलाला फोन मीच केला आणि चूक माझी आहे हेही मीच सांगितलं. अकरा दिवसांनी आजी परत आली. तो अकरावा दिवस येईपर्यंत मला धड झोप नव्हती.

त्रुटींची यादी आली, पूर्ततेला मुदत मिळाली. काही गोष्टी एका दिवसात झाल्या, जसं मुदत संपलेली औषधं काढणं. मेडिकलवाला पट्टी कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. आता अख्खी पट्टी घ्या किंवा तारखेचा भाग आमच्याकडे द्या, असं नातेवाइकांना सांगते. एका आजोबांकडे शुगरची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघाली, एक आरोग्य केंद्रातली, एक शहरातल्या डॉक्टरची. आतलं औषध दोन्हींत ग्लिमेपिराइडच. त्यांना पहाटे दरदरून घाम का सुटायचा, ते तेव्हा उमगलं. डॉक्टरांना दाखवून एक बंद केली.

इन्सुलिनचा प्रश्न अवघड होता. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि लाइन तासन्‌तास नसते. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत लागतात, म्हणून आता त्या आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये असतात. वापरातली तेवढी प्लॅस्टिकच्या डबीत घालून, ओल्या रेतीवर ठेवलेल्या मडक्यात.

मेथोट्रेक्सेट आता वेगळ्या कुलपात आहे. पाकिटावर लाल शाईनं 'फक्त बुधवार'. चिठ्ठी मी मोठ्यानं वाचते, ताई पट्टीवरचं नाव वाचते, आणि सही गोळी गिळल्यावर. आजीलाही सांगून ठेवलंय. मागच्या सोमवारी मी दुसरीच गोळी पुढे केली तर तिनं हात मागे घेतला. "आज बुधवार हाय काय व? मंग ही कायची गोयी?" मी पट्टी तिच्या हातात दिली, बीपीची आहे म्हणून सांगितलं, तेव्हा घेतली.

दुसऱ्या तपासणीत डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. या वेळी प्रत्येक पट्टी रजिस्टरशी जुळली. पण सकाळची फेरी आधी अर्ध्या तासात उरकायची, तिला आता सव्वा तास लागतो, आणि संध्याकाळी पाचनंतर ताई घरी जाते. वाचून दाखवायला दुसरं माणूस नसतं. हे अहवालात लिहा, असं मी हात जोडून म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं. संस्थेनं अजून माणूस दिलेला नाही. मी दर आठवड्याला विचारते.