महाप्राणांची शोधाशोध

"दहा मिनिटांचं काम आहे, मॅडम. आता एआय आहे ना."

रीमिक्स करणाऱ्या एका निर्मात्याचा हा फोन सकाळी पावणेदहाला आला. एका जुन्या गाण्यातला फक्त गायकाचा आवाज त्याला हवा होता, संध्याकाळी सातपर्यंत. दहा मिनिटांच्या कामाला सातपर्यंतची मुदत कशाला, हे मी विचारलं नाही. जुनी ध्वनिमुद्रणं दुरुस्त करणं हेच माझं काम, त्यामुळे "दहा मिनिटं" ऐकलं की मी दुपारचं जे काही ठरलं असेल ते रद्द करते.

आधी परवानगीचं विचारलं. ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाकडे आणि शब्द-चालीचा दुसऱ्याकडे असं पुष्कळदा असतं, आणि रीमिक्सला दोन्ही लागतात. त्याच्याकडे दोन्ही पत्रं होती. नव्हत्या त्या मूळ मल्टिट्रॅक टेप, गळा आणि वाद्यं वेगवेगळी ठेवलेल्या. त्या असत्या तर गायकाचा ट्रॅक सोलो करायचा, म्हणजे तेवढाच वाजवायचा, फाइल काढायची, संपलं. त्या कधीच्या गेल्या होत्या. उरलं होतं ते तयार, मिसळलेलं, दोन चॅनलचं गाणं.

तेही त्याने एमपी3 पाठवलं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र (खाली जाड आवाज, वर बारीक), उघडला तर 16 किलोहर्ट्झच्या वर कुणी पट्टीने आखून पुसल्यासारखं सगळं काळं. वरचं कापलं गेलं याचं फारसं काही नाही. एमपी3ची खरी अडचण वेगळी असते. मोठ्या आवाजाआड जो लहान आवाज कानाला कळणार नाही, तो ती टाकून देते. वाद्यं वाजत असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण वाद्यं बाजूला काढली की त्यांच्याआड लपलेली भोकं उघडी पडतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. सीडीवरून काढलेली, काहीही न टाकलेली वेव्ह फाइल मागितली. ती यायला तासभर गेला.

सोबत त्याने एक खूश करणारी बातमी दिली. या गाण्याची नुसत्या वाद्यांची आवृत्तीही त्याला मिळाली होती. मला जुन्या दिवसांची आठवण झाली. एआय येण्यापूर्वी आवाज सुटा करायचा सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच होता: वाद्यांच्या फाइलीची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे लाटेत जिथे चढ तिथे उतार, आणि पूर्ण गाण्यावर ठेवायची. दोन्हीकडे जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतो तो गळा. (डाव्या चॅनलमधून उजवा वजा करून कराओके बनवायची युक्ती अनेकांना माहीत असते. ती याचीच चुलत बहीण, पण ती मधोमध ठेवलेला गळा घालवते, आणि त्याच्याबरोबर बास आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रमही. आम्हाला नेमकं उलट हवं होतं.)

अट एवढीच की दोन्ही फाइली सॅम्पलला सॅम्पल जुळल्या पाहिजेत. सीडीच्या आवाजात सेकंदाला 44,100 सॅम्पल असतात, म्हणजे एक सॅम्पल साधारण 22.7 मायक्रोसेकंदांचं. एवढ्याशा चुकीने काय होणार असं वाटतं. बासमध्ये काही होत नाही, तो मुकाट नाहीसा होतो. पण 10 किलोहर्ट्झच्या आसपास एका सॅम्पलचा फरक राहिला तर आवाज जाण्याऐवजी 2 डेसिबलहून थोडा अधिक वाढतो. झांज घालवायला जावं तर झांज अंगावर येते.

पहिले आठ सेकंद मस्त जुळले. तबकडीवरची धूळ पुसावी तसं वाद्यवृंदाचं पटल विरत गेलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. मग एक सुईं-सुईं सुरू झाली, विमान लांबून गेल्यासारखी. दोन्ही फाइली वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मशीनवर टेपवरून उतरवलेल्या होत्या. गाण्याच्या शेवटापर्यंत त्यांच्यात 40 मिलिसेकंदांचं अंतर पडत होतं, आणि तेही एकसारखं नाही, टेप जशी कधी ओढ घेईल कधी ढिली पडेल तसं. ताणून-दाबून जुळवायचा प्रयत्न केला. साडेबाराला सोडून दिलं.

मग आलं एआय. नोव्हेंबर 2019मध्ये डीझर कंपनीने स्प्लीटर, तयार गाण्यातून गळा आणि वाद्यं सुटी करणारं मॉडेल, सगळ्यांसाठी खुलं केलं तेव्हापासून आमच्या धंद्याची तऱ्हाच बदलली. पाठोपाठ फेसबुकच्या संशोधकांचं डेमक्स आलं, मग त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या, आणि आता तर मोजदाद नाही. त्या दिवशी मी कुठलं मॉडेल वापरलं त्याला महत्त्व नाही, पुढे सांगते ती खोड कमी-अधिक प्रमाणात सगळ्यांनाच असते. चार फाइली बाहेर आल्या: गळा, ड्रम्स, बास आणि उरलेलं सगळं. वेळ लागला चार मिनिटं. निर्मात्याचे दहा मिनिटांचे शब्द खरेच ठरणार की काय असं क्षणभर वाटलं.

गळा ऐकला. सुरेख. मधल्या संगीतात व्हायोलिनची एक लांब मींड गळ्याच्या फाइलीत शिरली होती, कारण तीही गाण्यासारखीच वळते, पण तिथे कुणी गात नव्हतं, म्यूट केलं. बाकी आवाज उबदार, सलग. मी फाइलीला नाव देऊन ती बंदही करणार होते. पण मला हे गाणं लहानपणापासून पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गाण्याची तपासणी स्वतः करू नये असा माझा नियम आहे. कान ऐकत नाहीत, आठवतात. म्हणून माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलीला बोलावलं. तिने हे गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. म्हटलं, हेडफोन लाव आणि ऐकू येईल ते लिहून काढ.

तिने कागद पुढे ठेवला. दुसऱ्या ओळीत "फूल" हवं तिथे "पूल" लिहिलेलं.

"फूल आहे ते," मी म्हटलं.

"नाही ताई, पूलच म्हणतोय तो. ऐका ना."

ऐकलं. पूलच म्हणत होता. खाली "सांज"च्या जागी "आंज" होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. "भिजली"ची "बिजली" झाली होती, तिला तर अर्थही लागत होता, त्यामुळे प्रश्नचिन्हही नव्हतं. "छाया"ची "चाया". शाळेत व्याकरणाच्या तासाला घोकलेले शब्द आठवले. फ, भ, छ असे फुंकरीचे सगळे महाप्राण प, ब, च असे अल्पप्राण झाले होते आणि स-श हे ऊष्म वर्ण तर निम्म्या ठिकाणी नव्हतेच.

आता हे वर्ण गेले कुठे? चारही फाइली एकत्र वाजवून, पोलॅरिटी उलटी करून मूळ गाण्यावर ठेवल्या. सकाळी जी युक्ती फसली होती ती इथे चोख चालली, कारण इथे सगळं एकाच फाइलीतून निघालेलं होतं. जवळपास शांतता उरली. म्हणजे हरवलं काहीच नव्हतं, फक्त चुकीच्या घरी गेलं होतं. एकेक फाइल सोलो करत गेले. बास, नाही. उरलेलं सगळं, नाही. ड्रम्स.

हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीच्या, मधून कुणीतरी कुजबुजत होतं. स्स. छ्ह. ह्. स्स. तालात, पण तालाचं नसलेलं. स्वर एकही नाही, नुसते उच्छ्वास. मुलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "रात्री एकटीने ऐकणार नाही हे." मी मात्र हसत होते. अर्धा माणूस एका फाइलीत, अर्धा दुसऱ्यात.

असं का होतं ते स्पेक्ट्रोग्रामवर बोट ठेवून दाखवता येतं. गायलेला स्वर तिथे शिडीसारखा दिसतो, एकावर एक सारख्या अंतराने आडव्या पायऱ्या. मॉडेल त्या शिडीला गळा म्हणायला शिकलेलं असतं. "स" उच्चारताना शिडी नसते, वरच्या बाजूला नुसता दाणेदार ढग असतो. हाय-हॅटवर काठी पडली की तसाच ढग उठतो. मॉडेलने ढगाला ढगांत टाकलं, त्याचं काय चुकलं? "फ"मधला फुंकरीचा भागही ढगच, फक्त विरळ. आणि हा गायक जुन्या वळणाचा, फ म्हणताना दोन्ही ओठ मिटून, मग फुंकर सोडणारा. त्यातली फुंकर ड्रम्सकडे गेली आणि ओठ उघडल्याचा टिचका तेवढा इकडे राहिला. टिचक्यानंतर लगेच स्वर म्हणजे प.

दुसरं असं की चित्रावरून काम करणारी मॉडेलं आवाज तुकड्या-तुकड्याने बघतात. 4096 सॅम्पलांचा तुकडा घेतला तर तो 93 मिलिसेकंदांचा होतो. स्वराला एवढी खिडकी सोयीची, पण ओठ उघडल्याचा टिचका त्यात सारवल्यासारखा पसरतो. शिवाय या मॉडेलांना शिकवायला वर्षानुवर्षं वापरला गेलेला एमयूएसडीबी18 हा संच 150 गाण्यांचा, जेमतेम दहा तासांचा, आणि त्यातली बहुतेक गाणी पाश्चात्त्य पॉप-रॉक. ब आणि भ यांच्यात अर्थाचा फरक असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नसावं. हा माझा तर्क, सिद्ध करायला मी काही बसले नाही.

दोन वाजले होते. मूळ गाणं लावून आम्ही दोघींनी कागदावर जागा टिपल्या: 21 ऊष्म आणि 17 महाप्राण.

ऊष्म सोपे. ड्रम्सच्या फाइलीतून तेवढा तुकडा कापायचा, 4 किलोहर्ट्झच्या खालचं फिल्टरने काढायचं, दोन्ही टोकांना पाच मिलिसेकंदांचा फेड, म्हणजे हळू चढ-उतार, द्यायचा आणि गळ्याच्या फाइलीत त्याच वेळेवर बसवायचा. अडचण आली "सांज"पाशी. तो शब्द नेमका समेवर, आणि तिथे हाय-हॅटही. स बरोबर हाय-हॅट फुकट. पण ध्रुवपद चार वेळा येतं, आणि तिसऱ्या वेळी वादक हात आवरून थांबलेला आहे. तिथला स कोरा करकरीत निघाला. स ला सूर नसतो, त्यामुळे तो कुठूनही उसना आणता येतो. तो एकच स मी पाच ठिकाणी लावला, मात्र दर वेळी लांबी आणि पातळी थोडी बदलून. जसाच्या तसा पाचदा लावला असता तर कानाला कळलं असतं की काहीतरी छापील आहे.

महाप्राणांनी जीव काढला. "भ"मध्ये घोष आणि श्वास एकात एक मिसळलेले असतात, आणि पुढच्या स्वराची सुरुवातही त्या श्वासाने भिजलेली असते. फुंकर नुसती आणून चिकटवली तर गायकाने मध्येच खाकरल्यासारखं वाटतं. पातळी उतरवली की पुन्हा "बिजली". यातली बरोबर जागा अर्ध्या डेसिबलच्या आत सापडायची. एक "भ" जमवायला पंचवीस मिनिटं गेली, पुढचे मग भराभर होत गेले, हात बसला. दर वेळी मुलीला ऐकवायचं आणि विचारायचं, काय ऐकू आलं? साडेपाचच्या सुमाराला तिने न विचारताच "फूल" असं लिहून कागद माझ्याकडे सरकवला.

सात वाजता निर्माता आला. त्याने लॅपटॉपवर स्वतःचा बीट आधीच रचून आणला होता. मूळ गाणं क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठरावीक ठोका न ठेवता वाजवलेलं, लय सारखी पुढे-मागे होणारी, म्हणून त्याने गळा ओळीओळीने ताणून ग्रिडवर, म्हणजे बीटच्या सारख्या अंतराच्या रेघांवर, बसवला. त्यात तो फार तरबेज आहे, ते मान्य करायला हवं. मग त्याने प्ले दाबलं, दोन ओळी ऐकल्या, कपाळाला आठी घातली आणि सहजपणे गळ्याच्या ट्रॅकवर स-श ची धार बोथट करणारा डी-एसर टाकला.

"स जरा टोचतोय," तो म्हणाला.

माझ्याकडे काम शिकणारी मुलगी उठून बाहेर गेली. मला वाटतं हसायला.

त्याचंही बरोबर होतं. त्याच्या नव्या हाय-हॅटवर तो स दुप्पट धारदार झाला होता. मीच ट्रॅक कच्च्या फाइलीवर बदलून पाहिला, तर निम्म्या ठिकाणी ऊष्म नसल्याचं कळलंही नाही. नव्या झांजेने ती जागा भरून काढली होती. सोलो ऐकून गळा तपासायचा आणि वाजणार मात्र तो गर्दीत, ही चूक मी इतरांना सांगत असते. दुपारचे दोन तास मी तीच केली होती. पण कच्च्या फाइलीत "पूल" पूलच राहिला, बीट कितीही मोठा केला तरी. आणि मधे एका ठिकाणी त्याने सगळा ताल थांबवून आठ मात्रा गळा एकटाच सोडला होता, तिथे "भिजली" येतं. त्याने दोन्ही फाइली तिथे आळीपाळीने लावून ऐकल्या. तीनदा. मग काही न बोलता दुरुस्त केलेली ठेवली आणि तेवढ्यापुरता डी-एसर बंद केला.

एक सांगायचं राहिलं. 17 महाप्राणांपैकी 16 परत आणता आले. दुसऱ्या कडव्यात "ओठांवर" असा शब्द आहे आणि त्यातल्या "ठ"वर नेमका स्नेअर ड्रमचा जबरदस्त फटका. बाकीचे वर्ण मी गाण्यातूनच दुसरीकडून उसने आणले, पण अख्ख्या गाण्यात ठ तेवढा एकदाच येतो. शेवटी मायक्रोफोनसमोर बसून मी माझाच ठ म्हटला आणि त्यातला श्वास लावून पाहिला. खोलीत दुसरं कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. काढून टाकला.

रीमिक्स बाहेर आला, बराच वाजलाही. त्यात तो अजून "ओटांवर" म्हणतो.