नमुना आहे का?

एका चकाकत्या किड्याचे बेचाळीस फोटो ओळखीसाठी तज्ज्ञाकडे पाठवले आणि उत्तर आलं तीन शब्दांचं: "नमुना आहे का?"

नमुना म्हणजे जपून ठेवलेला खरा किडा. तो नव्हता. फोटो काढून झाल्यावर मी तो किडा मोठ्या मनानं उडवून लावला होता, आणि जीव न घेता अभ्यास करतो याचा मला थोडा गर्वही होता.

कूळ ओळखणं सोपं गेलं. करवतीसारख्या आखूड मिशा, मागे निमुळतं होत गेलेलं टणक अंग, धातूसारखी चकाकी: ज्वेल बीटल, म्हणजे ब्युप्रेस्टिडी कूळ. खटकन उडी मारणारा क्लिक बीटल तसाच लांबट दिसतो, पण उताणा पडला की तो 'टक्' आवाज करून उसळतो. ज्वेल बीटलला ते जमत नाही. प्रजात अ‍ॅग्रिलस, हेही लवकर कळलं. पुढे मात्र दीड वर्ष गेलं.

अ‍ॅग्रिलसमध्ये वर्णन झालेल्या जाती तीन हजारांच्या वर आहेत. त्यातल्या कित्येक वरून पाहिल्या तर सख्ख्या भावंडांसारख्या. फरक असतो तो पोटाकडच्या बाजूला, मानेलगतच्या बारीक कंगोऱ्यात आणि बऱ्याचदा नराच्या जननेंद्रियाच्या आकारात. माझे बेचाळीसही फोटो पाठीचे.

पुढच्या हंगामात, पहिला किडा दिसला होता त्याच जातीच्या झाडावर दोन किडे मिळाले. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. (मन खट्टू झालं, खोटं कशाला सांगू.) मग मी ते छानपैकी पुठ्ठ्यावर पोट खाली करून पक्क्या गोंदानं चिकटवले आणि पाठवून दिले.

सात महिने काहीही नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "रांगेत आहे" एवढंच. रांग कसली, आठ मिलिमीटरचे दोन किडे! शेवटी निरोप आला: पोट झाकलेलं आहे, गोंद पाण्यात सुटत नाही, आणि लेबल कुठे आहे? लेबलवर मी '१' आणि '२' लिहिलं होतं. बाकीचं माझ्या वहीत, म्हणजे माझ्याच घरात.

चिडलो खूप. पण चूक माझी होती, त्यामुळे चिडायलाही धड जागा नव्हती. लहान किड्यासाठी पुठ्ठ्याचा त्रिकोणी तुकडा घ्यायचा, त्याच्या टोकाला पाण्यात विरघळणारा गोंद लावून किडा उजव्या कुशीला टेकवायचा, पोट मोकळं राहू द्यायचं. मोठा असेल तर टाचणी उजव्या पंखकवचातून. लेबलवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. झाडाचं नावही लिहा. अळी ज्या लाकडात वाढते त्यावरून अर्धी शोधाशोध वाचते.

थांबलो होतो तेव्हा वाचलं, त्यानं राग थोडा निवला. २००२ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅश नावाची झाडं मरत होती. त्यांतून निघालेला हिरवा किडा तिथं कुणाला ओळखता येईना. नमुने स्लोव्हाकियातले अ‍ॅग्रिलसचे जाणकार एदुआर्द येंदेक यांच्याकडे गेले आणि नाव मिळालं: अ‍ॅग्रिलस प्लॅनिपेनिस, आशियातला, वर्णन १८८८ सालचं. तोवर किडा पसरला होता, आणि पुढे त्यानं कोट्यवधी झाडं मारली. पण निदान कशाशी लढायचंय ते कळलं, आणि तेही कुणाच्या हातात खरा किडा होता म्हणून.

हो, एक राहिलंच: किडा पुसू नका. रंग जात नाही, कारण तो रंगद्रव्याचा नसून कवचाच्या पातळ थरांतून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. पण पाठीवरचे पांढरे ठिपके म्हणजे बारीक केस असतात, ते घासले की ओळखीची खूणच गेली. संरक्षित जंगलातून काही उचलण्याआधी लेखी परवानगी घ्या. आणि एका जागचे दोन-चार पुरेत, डबा भरायची गरज नाही.

मी पाठवलेल्या दोन किड्यांतला एक नर निघाला, हे नशीब. किडा मऊ करून, जननेंद्रिय बाहेर काढून, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात साफ करून, जुन्या नमुन्यांशी ताडून शेवटी नाव आलं. मी ते चार वेळा मोठ्यानं वाचलं.

लगेच विचारलं, मग आधीच्या फोटोंतला तोच ना? उत्तर आलं: "सांगता येणार नाही." त्या बेचाळीस फोटोंच्या फोल्डरचं नाव अजून 'अ‍ॅग्रिलस, जात अनिश्चित' असंच आहे.