मास्तर जे बोलत नाही

समीक्षेची पुस्तकं वाचनालयात नेहमी सर्वांत वरच्या फळीवर, धूळ खात. मला त्यांची गोडी लागली ती ‘बनगरवाडी’मुळे. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ही छोटेखानी कादंबरी एका बैठकीत संपते. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथल्या शाळेवर आलेला कोवळा मास्तर, कारभारी, अंजी, आयबू, आनंदा रामोशी. एकेक माणूस येतं आणि मनात ठाण मांडतं. पण वाचून झाल्यावर कुणी ‘गोष्ट काय आहे?’ असं विचारलं की पंचाईत.

ही पंचाईत जाणकारांचीही झाली होती. ही कादंबरी म्हणायची की व्यक्तिचित्रांची माळ? नायक कोण? मग ‘नायक म्हणजे वाडीच’ हे उत्तर रूढ झालं. आता ते परीक्षेच्या गाईडातही आहे, आणि एकदा गाईडात गेलेल्या उत्तरावर पुन्हा कुणी विचार करत नाही. पण ते घडीभर खरं धरून पुस्तक नव्याने उघडावं. मास्तर पोरं गोळा करतो, लोकांना हाताशी धरून तालीम उभी करतो, राजेसाहेब येतात, वाडी मिरवून घेते. मग पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं पोटासाठी बाहेर पडतात. मास्तराला नायक मानलं तर ही त्याच्या फसलेल्या धडपडीची गोष्ट. वाडीला मानलं, तर शेवटचा दुष्काळ नायकाच्याच जिवावर उठलेला असतो.

माडगूळकरांच्या अलिप्तपणाबद्दलही बरंच लिहिलं गेलंय. ते चित्रंही काढायचे, त्यामुळे ‘चित्रकाराची नजर’ हा शब्दप्रयोग ओघानेच येतो. तो वाचून मी शेकूच्या प्रसंगाकडे परत गेलो. शेकूकडे बैल एकच. औताला एका बाजूला तो बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. एखाद्याने इथे दोन पानं हळहळ व्यक्त केली असती. इथे गोष्ट सांगणारा मास्तर जे दिसलं ते सांगतो आणि पुढे जातो. ‘अलिप्त’ हा शब्द मात्र मला पटत नाही. हे पोरगेलं वय आहे, समोरचं बघून तोंडातून शब्दच फुटत नसणार. त्याने न केलेली हळहळ मग आपल्याला करावी लागते. समीक्षकाशी असं मनातल्या मनात भांडता येणं, हीसुद्धा चैनच. (काही लेखांत मात्र भांडायलाही काही सापडत नाही. ‘जीवनजाणिवांचे आकृतिबंध’ असलं काही दिसलं की मी पान उलटतो.)

तालमीचंही तसंच. पहिल्या वाचनात ती गावाची हौस वाटते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक, हे ठाऊक झालं की तीच तालीम वेगळी दिसू लागते. दरबारचा व्यायामाचा ध्यास पार माळावरच्या वाडीपर्यंत झिरपलेला. आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या लोकांना तालमीची निकड किती होती, असा खवचट प्रश्न मनात येतो. पण तिच्यासाठी राबतात तीच माणसं, आणि तेही आनंदाने. तेव्हा ‘सुधारणा वरून लादली’ असं म्हणून मोकळं होता येत नाही.

माझी तक्रार आहे ती अंजीबद्दल, कारभाऱ्याच्या मुलीबद्दल. ती मास्तराला चोळी शिवून आणायला सांगते आणि त्यावरून कारभाऱ्याचं बिनसतं. कारभाऱ्याचा राग दिसतो, मास्तराची कुचंबणा दिसते. अंजीच्या मनात काय होतं, ते मास्तर सांगत नाही. त्याला कळलंच नसावं, किंवा कळून त्याने गिळलं असावं. तिच्या बाजूने ‘बनगरवाडी’ वाचणारा एखादा झणझणीत लेख कुणीतरी लिहायलाच हवा. मी आधी तो वाचेन, आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून पुस्तक.