बर कापसाने पकडून दिला: डी-टूची धार शेवटी बारदानावर टिकली

माझ्या डी-टू (एका पोलादाचं नाव) चाकूचं भूत उतरलं. गुन्हेगार निघाला बर, म्हणजे घासताना धारेच्या काठावर उरलेला पोलादाचा बारीक पापुद्रा. या चाकूची धार बारदानावर टिकत नाही, असं मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं; त्यावर ज्यांनी ‘पोलादच नकली असेल, भंगारात टाक’ म्हणून सल्ले दिले, त्यांनी आधी हे वाचावं.

लक्षणं तुम्हाला माहीत आहेतच. दगडावरून आणि धार घोटायच्या पट्ट्यावरून उतरला की चाकू पेपर सरसर कापायचा, तोही आडवा. (पेपर उभा कापून दाखवणाऱ्यांचे व्हिडिओ मी मोजतच नाही. धागे उभे असतात, बोथट पातंही तिकडून सरळ जातं.) हातावरचे केस उडायचे, टोमॅटोच्या सालीत पातं आपल्या वजनानेच शिरायचं. आणि सोयाबीनचं रिकामं बारदान हातभर कापलं की खेळ खल्लास. तोच पेपर फाटायला लागायचा. त्याच बारदानावर माझा ओपिनेलचा (फ्रेंच घडीचा चाकू) कार्बन पोलादवाला आठ नंबर मजेत चालतो. त्यात कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास, डी-टूत दीड टक्का आणि वर १२ टक्के क्रोमियम. कडक कार्बाइडं (कार्बन आणि धातूचे कण) भरलेलं पोलाद साध्या पोलादापुढे मान टाकतं, हे काही केल्या पटत नव्हतं.

पहिला संशय धुळीवर. मोहच्या कडकपणाच्या मापावर वाळूतलं क्वार्ट्झ ७, आणि कडक केलेलं पोलादसुद्धा त्याच्या खालीच बसतं. शेतातल्या बारदानात असले कण ठासून भरलेले. काट्राच्या (चाकू-सुऱ्या तपासणारी इंग्लंडमधली संस्था) यंत्रात पाती तपासतात त्या कागदातही मुद्दाम ५ टक्के सिलिका घातलेली असते, धार लवकर झिजावी म्हणून. म्हणून एक बारदान साबणाने धुतलं, टिनावर वाळवलं आणि कापायला बसलो. आई म्हणाली, “कापाचंच होतं तं धुतलं काऊन बे?” प्रश्न रास्त होता, कारण फरक पडला नखभर. नवाकोरा सुती दोर घेतला, तिथेही तीच रड.

मग कोन. काळ्या मार्करने धार रंगवली, दगडावर हलकेच फिरवली, शाई काठापर्यंत सारखी गेली. माझं पातं २४ मिमी रुंद आहे, म्हणजे एका बाजूला २० अंश हवे तर पाठ दगडापासून साधारण ८ मिमी वर. तेवढ्या जाडीची लाकडी पाचर ठेवून ताडून पाहिलं. कोन बरोबर.

सुटका झाली ती कापसामुळे. वेचणी चालू आहे, पडवीत कापूस पडलेलाच असतो. सरकी काढून एक बोंड मोकळं केलं आणि पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर, अलगद ओढत नेलं. उजव्या बाजूने काहीच नाही. पातं उलटलं, डावीकडून ओढलं, आणि मुठीजवळच्या दोन बोटं भागात तंतू अडकले. मोबाईलचा टॉर्च समोरून धरला तर तिथेच केसाएवढी पांढरी रेघ चमकत होती. खरी धार चमकत नाही, तिला चमकायला जागाच नसते. नख फिरवलं तर एका बाजूने खरखर, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत. बर! तोही नुसता मुठीजवळ नाही. टोकापर्यंत तुटक तुटक होता, बोटाला कळत नव्हता इतकंच.

आता सगळं जुळतं. पट्ट्यावर घासून मी बर काढत नव्हतो, उभा करत होतो. उभा राहिलेला बर वस्तऱ्यासारखा कापतो, पेपरला आणि केसांना तेवढं पुरतं. तागाचा धागा आडवा लागला की तो लोळतो, आणि मग आपण लोळलेल्या पत्र्याने कापत असतो. कार्बनच्या पात्यावरचा बर दोन हात मारले की तुटून पडतो. डी-टूचा चिवट, नुसता या अंगावरून त्या अंगावर होतो.

काढला तो असा: १००० नंबरच्या (नंबर जास्त तसा दगड बारीक) दगडावर, धार पुढे ठेवून, फक्त चाकूच्या वजनाने, एकदा ही बाजू एकदा ती. पाठ किंचित जास्त उचललेली. दर थोड्या वेळाने कापूस. तंतू अडकले की परत दगड. दोन्हीकडून कापूस निसटायला लागला तेव्हाच हिरवी पेस्ट लावलेला पट्टा, तोही मोजके हात. ३००० चा दगड या वेळी हातातच घेतला नाही, आणि बरंच झालं. बारदानाला जरा दातेरी धारच मानवते.

निकाल: बारदान उभं-आडवं चिरलं, त्यानंतरही पेपर आडवा कापला. खताची प्लास्टिकची गोणी, तुरीचं ओलं खोड, सगळं पास. १६ मिमीची ड्रिपची नळी मात्र मी चाचण्यांतून काढून टाकतोय, ती कशानेही कापली जाते. संत्र्याचंही तेच, साल इतकी सैल की परीक्षा धारेची होत नाही. शिवाय रसाने ओपिनेल काळानिळा पडतो. मला तो रंग आवडतो, ते सोडा.

कोणता दगड घ्यावा, असं काही जणांनी विचारलं होतं: ऑनलाइन मागवलेली ‘डायमंड’ प्लेट मधोमध टक्कल पडून बसली आहे. त्यापेक्षा तालुक्याच्या हार्डवेअरवाल्याकडचा कार्बोरंडमचा दुहेरी दगड बरा, फक्त आधी सपाट करून घ्या. आणि फटीत घालून ओढायचं ते धार-यंत्र कोणाच्या पात्यावर वापरू नका, वैऱ्याच्याही नाही.

पुढे धारेचा आकडा काढायला वजनकाट्यावर दोरा ताणून किती ग्रॅमला तुटतो ते मोजायचं ठरलं होतं. ते राहू दे. प्रत्येकाचा दोरा वेगळा, मग माझ्या आकड्याचा तुम्हाला उपयोग काय? हे लिहिता लिहिताच सुचलं, आपल्या वरुड-शेंदुरजना घाटाकडे नर्सऱ्यांत जंभेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे भरून कलमं करतात. डोळा संत्र्याच्या काडीवरून एका ओढीत निघायला हवा, साल चिरडली तर गेला. याहून कडक परीक्षा कोणती? कलमाच्या चाकूला बऱ्याचदा एकाच बाजूने धार असते, तेव्हा आठ नंबरला तशी लावून बघावी म्हणतो. दुसरी बाजू सपाट राहिली की बर शोधायलाही एकच अंग. घडीच्या चाकूला कोणी एकबाजू धार लावली असेल, तर कोन किती ठेवला तेवढं सांगा. मी सध्या २५ धरून चाललोय.