जबड्याचा एमआरआय: तोंड बंद आणि उघडं, दोन्ही (माझा अनुभव)

जबड्याच्या सांध्याचा एमआरआय सांगितला असेल तर चिठ्ठीवर 'तोंड बंद आणि तोंड उघडं, दोन्ही बाजू' असं डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्या. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल. माझी गाडी या एका ओळीपायी अडली आणि अजून आठवलं की डोकं फिरतं.

माझा खालचा जबडा मागे आणि वरचे पुढचे दात खालच्या दातांना जवळजवळ झाकणारे. ऑर्थोडोन्टिस्टच्या (तारा लावून दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांच्या) भाषेत क्लास टू आणि डीप बाइट. जोडीला तोंड उघडताना डाव्या कानापुढे टक्क आवाज, सकाळी जबडा आखडलेला आणि कानात दडा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी 'कान ठणठणीत आहे' म्हणून परत पाठवलं. नवल नाही, कारण हा सांधा कानाला इतका लागून आहे की करंगळी कानात घालून तोंड उघड-मीट केली तर तो बोटाला लागतो. दुखतो सांधा, बोंब कानाच्या नावाने.

मला तारा लावायची घाई होती. ऑर्थोडोन्टिस्ट मॅडमना नव्हती. सांधा दुखत असला की स्नायू जबडा सांभाळून धरतात, त्यामुळे दात नेमके कुठे मिटतात तेच बदलत राहतं. अशा बाइटची मापं घेऊन प्लॅन आखला तर तो चुकीच्याच जागेचा. आणि एमआरआय आधी का, तर तारा धरणारे स्टीलचे ब्रॅकेट दातांवर एकदा चिकटले की जबड्याभोवतीची प्रतिमा फाटते. ओपीजी, म्हणजे दातांचा तो लांबोडका एक्स-रे, काढून झाला होता, पण त्यात हाड दिसतं, सांध्यातली मऊ चकती नाही.

म्हणून एमआरआय. नंबर लागला, आत गेले, 'हलू नका' म्हणाले, मी हलले नाही. तोंड उघडा असं कोणीही म्हणालं नाही. रिपोर्ट आला: डावी चकती पुढे सरकलेली. मॅडमनी सीडी लावली, प्रतिमा पुढेमागे केल्या आणि विचारलं, "उघड्या तोंडाच्या कुठे आहेत?"

नव्हत्याच. आणि सगळी मेख तिथेच आहे. जबड्याच्या हाडाच्या टोकावर ही चकती टोपीसारखी बसते. माझी टोपी तोंड मिटल्यावर पुढे घसरलेली होती, हे त्या आवाजावरूनच कळत होतं. प्रश्न होता तोंड उघडल्यावर ती परत डोक्यावर बसते की नाही. बसत असेल तर टक्क वाजतं आणि तोंड पूर्ण उघडतं. बसत नसेल तर आवाज बंद होऊन तोंडच अडकू शकतं. बंद तोंडाच्या प्रतिमेत दोन्ही सारखेच दिसतात.

मग टोलवाटोलवी सुरू. सेंटरच्या रिसेप्शनवर उत्तर ठरलेलं: "चिठ्ठीवर टीएमजे एमआरआय एवढंच आहे, तेवढं केलंय." (टीएमजे म्हणजे हाच जबड्याचा सांधा.) दवाखान्यात म्हणाले, हे वेगळं लिहावं लागतच नाही, करणाऱ्याला माहीत असतं. सेंटर म्हणे नवी चिठ्ठी आणा, नवा नंबर लावा, पैसेही नव्याने भरा. फोन केला की 'सर कामात आहेत'. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि मी पहिल्यापासून कथा सांगतेय, तीही दुखऱ्या जबड्याने!

शेवटी मी रिसेप्शनशी बोलणंच सोडलं. रेडिओलॉजिस्टना भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणून खुर्चीत बसून राहिले. ते बाहेर आले, सीडी पाहिली आणि दोन वाक्यांत मान्य केलं की उघड्या तोंडाचा भाग राहिलाय. पैसे न घेता करून दिला. माझी पाठ मीच थोपटली. तुम्हीही हेच करा: हुज्जत काउंटरवर नको, प्रतिमा वाचणाऱ्या माणसाशी बोला.

उघड्या तोंडाचा भाग मात्र सोपा नाही. दातांमध्ये एक ठोकळा देतात, तो धरून निपचित पडायचं. लाळ घशाकडे जमते, गिळता येत नाही, जबडा थरथरतो. आत जायच्या आधी गिळून घ्या आणि थांबवायची खूण काय ते विचारून ठेवा.

चकती परत बसत होती! त्या दिवशी मी किती हलकी झाले म्हणून सांगू.

पुढचं भराभर झालं. वरच्या दातांवर रात्री घालायची कडक अ‍ॅक्रिलिकची स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं काढता-घालता येणारं आवरण. मॅडम निळा कागद दातांत धरून 'टक टक करा' म्हणायच्या, स्प्लिंटवर उमटलेले गडद ठिपके घासायच्या आणि दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे फिके होईपर्यंत सोडायच्या नाहीत. स्प्लिंट सगळे दात झाकणारीच घ्या. अर्धवट असली तर मोकळे राहिलेले दात हळूहळू बाहेर सरकू शकतात. गरम पाण्याने धुऊ नका, वाकडी होते.

मधेच एका दंतवैद्यांनी 'उंच दात थोडे घासून बाइट जुळवून टाकू' असं सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. स्प्लिंट काढून ठेवता येते, घासलेलं इनॅमल परत येत नाही.

तारांनी आवाज जाईल असं वचन मॅडमनी दिलं नाही, आणि त्यामुळेच माझा विश्वास बसला. १९८७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये तारांमुळे सांधा बिघडला म्हणून एका ऑर्थोडोन्टिस्टविरुद्ध ज्यूरीने ८,५०,००० डॉलरचा निकाल दिला होता. त्यानंतर यावर बरंच संशोधन झालं आणि कल असा निघाला की तारांनी हा आजार सहसा होतही नाही आणि बराही होत नाही. तारा दातांसाठी, सांध्याची काळजी वेगळी.

आता तारा लागल्यात. टक्क अजून वाजतं, दुखत नाही. तसं असेल तर त्याच्या मागे लागू नका, असं मॅडमचं म्हणणं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही सवय मात्र दिवसभर पाळायची, कारण एरवी दातावर दात टेकायलाच नको असतात.

आणि हो, रिपोर्टच्या कागदावर भागवू नका, सीडी मागून घ्या आणि सेंटरमधून निघायच्या आधी उघड्या तोंडाच्या प्रतिमा तिच्यात आहेत ना, ते तिथेच लावून बघा.