अमेन : सारे बळ एकवटून
इंग्रजी शब्दकोश चाळताना परवा ‘अमेन’ (amain) हे क्रियाविशेषण भेटले आणि प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात त्या ‘आमेन’शी त्याचे काहीही नाते नाही, हे उमजायला मला दोन ओळी खाली उतरावे लागले. अर्थ आहे ‘सर्व शक्तीनिशी’. जुन्या इंग्रजीत ‘बळ’ या अर्थाचे जे नाम होते, त्याच्या ‘मेन’ या रूपाला ‘अस्लीप’ (झोपेत), ‘अशोर’ (किनाऱ्यावर) या शब्दांत दिसणारा, मुळात ‘ऑन’ असलेला ‘अ’ १६व्या शतकात जोडला गेला. ‘माइट अँड मेन’ (might and main) या जोडीत ते नाम अजूनही तग धरून आहे. पूर्वी शिडांच्या जहाजांवर मात्र ‘अमेन’चा अर्थ होता तत्काळ, एकदम : ‘स्ट्राइक अमेन’ अशी हाक आली की शिडे झटक्यात खाली सोडून शरण जायचे. बळाचा अर्थ असा वेगाकडे सरकला, याचे मला फारसे नवल वाटले नाही, कारण ‘जोरात पळ’ म्हणताना आपणही तेच करतो.